छातीत दुखलं तर सकाळची वाट पाहू नका

ती. आई आणि अण्णा,
सा. नमस्कार.

अण्णा, तुमचा ईसीजी नीट आला, रक्ताचा रिपोर्टही चांगला आला, ऐकून जीव भांड्यात पडला. पण त्या रात्री छातीत जळजळ होऊन बनियन घामानं भिजलं, तरी तुम्ही सोडा पिऊन ओसरीवर पडून राहिलात, आणि मला कळलं दोन दिवसांनी. ते मनातून जात नाही. फोनवर विषय काढला की तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडं देता, म्हणून लिहायला बसलो. आई, तू हे अण्णांना वाचून दाखव, मधलं काही गाळू नको.

‘आता दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही,’ असं तुम्ही आईला म्हणालात. हे बोलणं आपल्या घरात आधी नव्हतं. लहानपणी मला शेतात पायाला काहीतरी चावलं, तेव्हा साप की काय हे बघायलाही न थांबता तुम्ही भर पावसात मला अंबाजोगाईला नेलं होतं. ही भीती कोरोनाच्या साली घरात शिरली आणि तिथंच राहिली.

भीती खोटी नव्हती. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला, एसटी थांबली, जिल्ह्याच्या हद्दीवर नाके लागले. लस नव्हती. रोज टीव्हीवर, गावातल्या भोंग्यावर एकच सांगणं, घराबाहेर पडू नका. दवाखाने आणि अँब्युलन्स तेव्हाही चालूच होत्या, बंदीतून त्यांना सूट होती, पण ‘छातीत दुखलं तर मात्र निघा’ हे तितक्या जोरानं कुणी सांगितलं नाही.

मी तेव्हा इथं संभाजीनगरात कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या पेशंटच्या विभागात होतो. एरवी तिथं स्ट्रेचर रिकामं मिळत नाही. एकाला सलाईन लावावं तोवर दुसरा दारात. लॉकडाऊन लागला आणि कोरोनाचा वॉर्ड भरत गेला, पण आमच्याकडं रात्र रात्र शुकशुकाट. आम्ही ब्रदर-सिस्टर एकमेकांना विचारायचो, बाकीचे पेशंट गेले कुठं?

काही खरंच कमी झाले होते. रस्त्यावर गाड्या नाहीत म्हणून अपघात घटले. २०१९ साली देशात साधारण ४ लाख ४९ हजार अपघात नोंदले गेले होते, २०२० मध्ये ३ लाख ६६ हजार. तेवढं चांगलंच झालं. पण रस्ते बंद झाले म्हणून हृदयाची नळी तुंबायची थांबत नाही. हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं देशातल्या १८७ दवाखान्यांचा हिशोब काढला, तर मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत अटॅकसाठी भरती झालेले लोक आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्क्यांनी कमी. अमेरिकेत एप्रिलमध्ये इमर्जन्सीत येणारे ४२ टक्क्यांनी घटले, इंग्लंडात ५७ टक्क्यांनी.

ते सगळे घरी बरे झाले असते तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. इटलीत मिलानच्या खालच्या बाजूला चार जिल्हे आहेत, तिथं रोग आधी पसरला. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्च संपेपर्यंत तिथं घरी किंवा रस्त्यावर हृदय बंद पडलेले ३६२ जण निघाले. आदल्या वर्षी त्याच दिवसांत २२९ होते. त्यातल्या बऱ्याच जणांना कोरोना होता किंवा तसा संशय होता, हे खरं. पण बोलवायला, पोचायला उशीर झाला, हेही त्यात आहेच. आमच्याकडं जे येत होते तेही उशिराच येत होते. अर्धं अंग गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी आणायचे, आणि लेक हात जोडून म्हणायचा, ‘काहीतरी करा हो.’ लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी त्याचा उपयोग नसतो. अटॅकचंही तेच. नळी बंद राहील तितका वेळ हृदयाचा स्नायू मरत जातो, आणि मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही.

अण्णा, दवाखान्यात नेलेला माणूस परत आला नाही, हे तुम्ही पाहिलंय. पण त्याला कितव्या तासाला नेलं होतं, हे गावात कुणी विचारत नाही. मला रोज विचारावं लागतं.

तर एवढं करा. पुन्हा छातीत जळजळ, दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, काहीही झालं तर रात्र असो की पहाट, १०८ लावा. पैसे लागत नाहीत, गाडीत डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो. आधी १०८, मग मला फोन. तुम्ही स्वतः मोटारसायकल काढायची नाही, गाडीपर्यंत चालतही जायचं नाही. गाडीला उशीर होतोय म्हणाले तर शेजारच्या आप्पांच्या पोराला जीप काढायला सांगा, मी त्याच्याशी बोलून ठेवलंय. तो म्हणाला, काकांना कधीही हाक मारू द्या.

आई, तुला शुगर आहे. शुगरवाल्यांना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, घाम येतो, हातपाय गळतात. तेव्हा ‘उन्हाचं झालं असेल’ म्हणून लिंबूपाणी घेऊन पडू नको.

खर्चाचा विचार तर मनात आणूच नका. अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली नळी उघडायचा उपचार, सरकारच्या महात्मा फुले योजनेत बसते. रेशन कार्ड, आधार आणि अण्णांचे ईसीजीचे कागद एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकव.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतोय. सोमवारी तिघंही अंबाजोगाईला जाऊ, अण्णांची टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेऊ आणि तुझी तीन महिन्यांची शुगरही. अण्णा, सोमवारी पाण्याची पाळी असली तर आप्पांना आत्ताच सांगून ठेवा.

तुमचा,
बाळू