मेडिकलवाल्या ताईंना पत्र

प्रिय ताई,

तुमचं नाव मला अजून माहीत नाही. बाबा तुम्हाला 'मेडिकलवाली पोरगी' म्हणतात. कौतुकानेच म्हणतात, राग मानू नका.

गेल्या श्रावणातली गोष्ट. बाबांचा सोरायसिस, म्हणजे कातडीवर खपल्या धरणारा आजार, अठरा वर्षांचा जुना. कोपरं आणि गुडघे सोडून तो कधी कुठे गेला नव्हता. थंडीत वाढायचा, उन्हाळा-पावसाळ्यात गप्प बसायचा. त्या पावसाळ्यात मात्र पाठीवर, पोटऱ्यांवर, डोक्यात पसरला. सकाळी चादर झटकली की ओटीवर खपल्यांचा सडा. घरात तपास सुरू झाला आणि पहिला आरोपी ठरलं वांगं. मग दही, मग सुकट. आईला स्वयंपाकात काय करावं तेच कळेना.

मी तुमच्याकडे आलो होतो एका बारीक पांढऱ्या गोळीसाठी. पूर्वी कुणीतरी दिलेली. चार दिवसांत अंग स्वच्छ व्हायचं. रिकामी स्ट्रिप बघून तुम्ही म्हणालात, "दादा, हे स्टेरॉइड आहे. चिठ्ठीशिवाय मिळणार नाही." मी चिडलो. मागे उभा असलेला माणूसही माझीच री ओढत होता. तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत, की ही गोळी चालू असेपर्यंत बरं वाटतं, थांबवली की सोरायसिस उसळतो. कधी कधी अंगभर पुवाच्या पुळ्या येतात आणि पेशंटला ॲडमिट करावं लागतं.

मग विचारलंत, "बाबा आणखी काय काय घेतात?"

औषधांची पिशवी स्कूटरच्या डिकीत होती. तुम्ही ती काउंटरवर ओतलीत आणि मेटोप्रोलॉलची स्ट्रिप बाजूला काढलीत. बीपी आणि धडधडीसाठी माघात सुरू झालेली. बीटा ब्लॉकर जातीच्या या गोळ्यांनी काहींचा सोरायसिस वाढतो, आणि तोही कधी कधी महिन्यांनी, त्यामुळे गोळीवर कुणाचा संशयच जात नाही. मी लगेच म्हणालो, "मग आजपासून बंद!" त्यावर तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. ही गोळी एकदम तोडली तर हृदयाला धोका, डॉक्टरच बदलतील. माझ्या उत्साहाने बाबांचं काय झालं असतं, हा विचार अजून मनात येतो.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. "यांना सोरायसिस आहे हे मला कुणी सांगितलंच नाही," म्हणाले. खरं होतं. बाबा भर उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि कोपरं कुणाला दाखवत नाहीत. गोळी हळूहळू कमी करून दुसरी दिली. त्वचारोगतज्ज्ञांनी मलम आणि लाइट थेरपी सुरू केली. दिवाळीपर्यंत पाठ बरीच निवळली. श्रेय गोळी बदलल्याचं किती आणि मलमाचं किती, ते त्वचेच्या डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही.

तुम्ही खाकी पाकिटावर लिहून दिलेलं अजून फाइलला टाचलेलं आहे: 'सोरायसिस आहे. लिथियम, क्लोरोक्वीन, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, बीटा ब्लॉकर देण्याआधी विचार व्हावा.' परवा दाताच्या डॉक्टरांकडे बाबांनी न विचारता ते पाकीट पुढे केलं.

आणि हो, त्या दिवशी अर्धा तास खर्चून तुम्ही आम्हाला विकलंत काय, तर कातडी मऊ ठेवणाऱ्या पॅराफिनची एक डबी. वांगी घरात परत आली आहेत. आईने भरली वांगी केली आहेत, डबा पाठवतोय.

तुमचा,
स्कूटरवाला दादा