घुमट नसलेल्या चर्चचा घुमट

संपादक महोदय,

पुरवणीतला रोमवरचा लेख छान होता पण त्यात संत इग्नेशियस चर्चचं नावच नाही, वाईट वाटलं. १६२६ मध्ये बांधायला घेतलेल्या या चर्चला ठरलेला घुमट कधी बांधलाच नाही, वर दिसतो तो सपाट कॅनव्हासवर रंगवलेलाय! १६८५ मध्ये आंद्रेआ पोत्झो या जेझुइट (एक कॅथलिक धर्मसंघ) चित्रकाराने तो केला आणि आत शिरल्यावर खांब, कमानी, सावल्या सगळं इतकं खरं वाटतं की कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. जमिनीवर खूण केलेल्या जागी उभं राहून बघायचं आणि मग वेदीकडे चालत जायचं, घुमट हळूहळू एका बाजूला कलायला लागतो, खांब वाकतात. काय ते भूमितीचं ज्ञान! मधल्या छतावरचं चित्रही त्याचंच, त्यात चार खंडं बायकांच्या रूपात आहेत, आशिया उंटावर बसलीय.

हल्ली बरेच जण छत बघण्यासाठी तिथे ठेवलेल्या आरशात सेल्फी काढायला लायनीत उभे राहतात आणि तेवढंच करून निघतात. जाणाऱ्या वाचकांनी प्लीज मान वर करून निवांत बघा, आणि पुढच्या लेखात या चर्चला जागा द्या ही विनंती.

– एक वाचक