मोपा-दाबोळी पाऊण तासात?

संपादक महोदय,

कालच्या अंकात पान तीनवर गोव्यातल्या मोपा आणि दाबोळी या दोन विमानतळांमधले अंतर ‘४० किलोमीटर, प्रवास पाऊण तास’ असे छापले आहे. हे नकाशावर पट्टी ठेवून काढलेले सरळ रेषेतले अंतर आहे. गाडीला चिखली, कुठ्ठाळी करत आधी जुवारी ओलांडावी लागते, मग मांडवी, मग कोलवाळला शापोरा. तीन नद्या पार करून धारगळला आत वळेपर्यंत साठेक किलोमीटर होतात. दीड तासात पोचलात तर नशीब समजा.

डिसेंबर २०२४ मध्ये माझी ७६ वर्षांची आई मुंबईहून गुडघ्याचे ऑपरेशन करून परत येत होती. तिकिटावर ठळक अक्षरांत ‘गोवा’. आम्हा मडगावकरांना विमानतळ म्हणजे दाबोळी, म्हणून मी रात्री नऊलाच तिथे जाऊन उभा राहिलो. दहाला तिचा फोन, “तूं खंय आसा रे? हांव भायर येवन बसल्यां.” बाहेर म्हणजे मोप्याला! तिकीट पुन्हा उघडले तेव्हा खाली बारीक टायपात जीओएक्स, म्हणजे मोप्याचा विमानतळ-कोड, दिसला. दाबोळीचा जीओआय. शेवटच्या एका अक्षराने घात केला.

जुवारीचा नवा पूल पूर्ण खुला झाल्यापासून तेवढा टप्पा झपाट्याने सरतो, हे मान्य. पण पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामापाशी ट्रकांच्या मागे अर्धा तास गेला. मोप्याला पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. आई व्हीलचेअरवर बसलेली, मांडीवर औषधांची पिशवी, पाय इतका सुजलेला की चप्पल चढेना. ड्यूटीवरच्या एका पोराने तिला पाण्याची बाटली आणून दिली होती. गडबडीत त्याचे नाव विचारायचे राहून गेले, ते अजून मनाला लागते.

मोप्याहून विमाने सुटू लागली ५ जानेवारी २०२३ ला. इतक्या काळात तिकीट विकणाऱ्यांना ‘मोपा’ ही दोन अक्षरे मोठ्या टायपात छापता येऊ नयेत? आणि त्यात आता आपण पाऊण तासाचा हिशेब देता. तो खरा मानून उद्या कुणी दाबोळीला उतरून दोन तासांनी मोप्याहून सुटणारे विमान धरायला निघाला, तर त्याचे तिकीट बुडणार. ते पैसे कोण भरून देणार?

दुरुस्ती छापाच. वास्को, मडगाव, पणजीहून मोप्याला दिवसा किती वेळ लागतो, रात्री किती, हे आपल्या वार्ताहराने स्वतः गाडीने जाऊन लिहावे. आणि ती पान तीनवरच यावी. शेवटच्या पानाच्या तळाशी ‘खुलासा’ म्हणून टाकू नका. नव्या मांडणीत तिथला टाइप आपण इतका बारीक केला आहे, की माझ्या आईला तो चष्मा लावूनही वाचता येत नाही.

एक वाचक, मडगाव