नागपूरच्या मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात) गुणसूत्र तपासणी कक्ष हवा

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना खुले पत्र

महोदय,

टी-प्रोलिम्फोसायटिक ल्युकेमिया हा टी-पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, रक्ताचा कॅन्सर दुर्मिळ आहे. रुग्ण बहुधा साठी ओलांडलेला, पांढऱ्या पेशी अनेकदा लाखाच्या वर, प्लीहा वाढलेली. नुसत्या सीबीसीवर (रक्तपेशींच्या मोजणीवर) हा सीएलएल, म्हणजे बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा संथ कॅन्सर, वाटतो. सीएलएलमध्ये कित्येकदा औषध न देता वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं तरी चालतं. इथे तसं केलं तर बहुतेक रुग्ण काही महिन्यांत हाताबाहेर जातात.

फरक पक्का करतं ते १४ वं गुणसूत्र. त्याचा एक तुकडा उलटा होऊन बसतो आणि क्यू ११ पट्ट्यावरचा (क्यू म्हणजे लांब भुजा) टी-पेशींच्या रिसेप्टरचा जनुक क्यू ३२ वरच्या, पेशींना वाढायला लावणाऱ्या टीसीएल-१ जनुकाशेजारी येतो. त्यामुळे जो टीसीएल-१ बंद पडायला हवा, तो चालूच राहतो. काहींमध्ये एक्स आणि १४ यांच्यात अदलाबदल होते. जोडीला ८ व्याची लांब भुजा जास्तीची, ११ व्यावरचा, डीएनएची दुरुस्ती सांभाळणारा एटीएम जनुक गहाळ. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही १४ व्या आणि एक्सवरच्या या बदलांना स्थान आहे.

हे दिसायला पेशी जिवंत पोहोचावी लागते. रक्त ५ मिलिलिटर, हिरव्या झाकणाच्या सोडियम हेपॅरिनच्या नळीत. वॉर्डात हाताशी असते जांभळ्या झाकणाची ईडीटीएची नळी. तिच्यातल्या पेशी कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत वाढवताना) नीट वाढत नाहीत. नमुना बर्फावर ठेवायचा नाही आणि तापूही द्यायचा नाही. मे महिन्यात गडचिरोलीहून एसटीने आलेला डबा ४५ अंशांत भाजून निघतो. साध्या थर्मास डब्याने हे टळतं.

दुसरी चूक कागदावरची. फॉर्मवर 'सीएलएल' लिहिलं की प्रयोगशाळा बी-पेशींना विभाजनाला लावणारं द्रव्य घालते. टी-पेशी ढिम्म राहतात, अहवाल 'सामान्य' येतो आणि सगळे निर्धास्त होतात! टी-पेशींना फायटोहिमॅग्लुटिनिन लागतं, ३७ अंशांवर साधारण ७२ तास. तेव्हाही निरोगी टी-पेशी पुढे धावून रोगट पेशींना झाकू शकतात. म्हणून विभाजन होणाऱ्या २० पेशींची गुणसूत्रं वाचण्यासोबत टीसीएल-१ चं फिश, म्हणजे चमकणाऱ्या प्रोबने जनुकाची जागा दाखवणारी चाचणी, हवंच. त्यात विभाजन न होणाऱ्या २०० पेशी थेट मोजता येतात.

मागण्या मोठ्या नाहीत. मेडिकलमध्ये पूर्ण वेळचा गुणसूत्र कक्ष द्या: कल्चरचा इन्क्युबेटर, फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक, फिशच्या प्रोबची अखंड खरेदी. हिरव्या नळ्या आणि थर्मास डबे पूर्व विदर्भातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ठेवा. फॉर्मवर 'टी की बी' हा रकाना सक्तीचा करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या तपासण्यांचा खर्च स्वतंत्र धरा, निदान होण्याआधीचासुद्धा.

माणसांबाबत मात्र काटकसर करू नका. पट्टे वाचायला डोळा तयार व्हायलाच वर्ष जातं. ११ महिन्यांच्या कंत्राटात तो माणूस शिकतो आणि जातो. शिवाय गुरुवारी लावलेलं कल्चर रविवारी काढावं लागतं, म्हणून सुट्टीची पाळी मंजूर पदांतच धरलेली हवी.

डिसेंबरात अधिवेशन नागपुरातच भरतं. त्यातल्या पुरवणी मागण्यांत या पदांची आणि प्रोबची तरतूद करा.

आपले,
रक्तविकार व गुणसूत्र तपासणीत काम करणारे डॉक्टर आणि तंत्रज्ञ, नागपूर