अटकेचे नियम परिपत्रकात नकोत, संसदेच्या पटलावर हवेत

मा. केंद्रीय अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांस,

सविनय नमस्कार.

मी गिरगावात कर सल्लागार आहे. माझे बहुतेक अशील लोहार चाळ आणि नागदेवीतले छोटे व्यापारी. काही वर्षांपूर्वी त्यांतल्या एकाला जीएसटीचं समन्स आलं. सकाळी ११ वाजता तो हजर झाला, मोबाईल जमा करून घेतला गेला. संध्याकाळपासून त्याची बायको आणि मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. पहाटे पावणेतीनला तो बाहेर आला, तेव्हा डीआरसी-०३ वर, म्हणजे आपणहून कर भरण्याच्या जीएसटीच्या फॉर्मवर, १८ लाख रुपये भरले गेले होते. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘स्वेच्छेने’. आत त्याला सांगितलं होतं, भरा, नाहीतर आज घरी जाणार नाही.

मॅडम, ती सगळी मागणीच ४० लाखांच्या आतली होती. आधी शिक्षा झालेली नसेल, तर २ कोटींपर्यंतच्या रकमेसाठी जीएसटी कायद्यात अटक करताच येत नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते टेबलापलीकडे बसले होते.

बोगस बिलं फाडणाऱ्यांची मला कणव नाही. दुसऱ्याच्या आधार कार्डावर कंपन्या काढून ते खोट्या बिलांवरचं क्रेडिट विकतात आणि कर न भरता पसार होतात. मग त्यांच्याकडून माल घेणाऱ्या खऱ्या दुकानदाराचं आयटीसी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. त्यांना जरूर पकडा.

पण जीएसटी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे अटकेचा आदेश आयुक्त देतात, त्यासाठी न्यायाधीशाचं वॉरंट लागत नाही. एवढ्या मोठ्या अधिकारावरचे लगाम कुठे आहेत? अटक कधी करावी, कधी टाळावी हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या १७ ऑगस्ट २०२२ च्या सूचनेत आहे. झडतीच्या वेळी वसुली करू नये हे २५ मे २०२२ च्या सूचनेत आहे. गुजरात उच्च न्यायालयाने ते २०२१ मध्येच बजावलं होतं. दोन्ही सूचना चांगल्या आहेत, मी त्या अशिलांना वाचून दाखवतो. मात्र याच कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे संसदेच्या पटलावर ठेवावे लागतात ते नियम, विनियम आणि अधिसूचना. खात्याच्या सूचना त्यात येत नाहीत. म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य ज्या कागदावर टिकून आहे, तो कागद खासदारांसमोर ठेवण्याचं बंधनच नाही. खात्याने उद्या तो बदलला तरी सभागृहाला विचारावं लागणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात अटकेची भीती घालून कर भरून घेणं बेकायदा ठरवलं. अटकेपूर्वी कारणं लेखी नोंदलेली हवीत, असंही सांगितलं. पण न्यायालयापर्यंत पोचतो कोण? माझा अशील पोचला नाही. ‘पैसे गेले, आता दुकान सांभाळू’ म्हणाला.

म्हणून विनंती अशी, की या सूचना नियमांत आणा आणि पटलावर ठेवा. प्राप्तिकराचं नवं विधेयक २०२५ मध्ये लोकसभेच्या प्रवर समितीकडे गेलं होतं. तसं हे अटकेचे नियम अर्थविषयक स्थायी समितीने तपासावेत, व्यापाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांनाही बोलावून. दरवर्षी समितीला हिशेबही द्या: अटका किती, त्यांतल्या किती प्रकरणांत फिर्याद दाखल झाली, शिक्षा कितींना. अटकेचे आकडे कधी प्रश्नाच्या लेखी उत्तरात, कधी कोर्टातल्या कागदपत्रांत वाचायला मिळतात. अटकेनंतर त्या माणसाचं काय झालं, हा खरा प्रश्न आहे.

आणि एक आकडा आवर्जून काढा. कर भरण्याच्या चलनाच्या पावतीवर पैसे भरल्याची वेळ छापलेली असते. झडती किंवा समन्सच्या दिवशी, रात्री ८ ते सकाळी ८ च्या दरम्यान ‘स्वेच्छेने’ किती पैसे भरले गेले, एवढं समितीला कळवा. माझ्या अशिलाच्या पावतीवर पहाटेचे २ वाजून १० मिनिटं आहेत. ती मी जपून ठेवली आहे.

आपला नम्र,
गिरगावातील एक कर सल्लागार