नियम एकच, मग सोर्स कोड तीन ठिकाणी कशाला?

महोदय,

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये जी सार्वजनिक ॲप तयार होतील, त्यांच्या निविदांमध्ये एक अट घातली जावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. अँड्रॉइड, आयफोन आणि संकेतस्थळ या तिन्हींना समान असलेला सोर्स कोड, म्हणजे ॲपचे नियम ज्यात लिहिलेले असतात तो मूळ मजकूर, व्हर्जन कंट्रोलखाली (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत) एकाच ठिकाणी असावा. त्याच्या प्रती तीन टीमना वाटल्या जाऊ नयेत.

निफाड-दिंडोरी पट्ट्यातील द्राक्ष बागायतदारांसाठी केलेल्या एका ॲपच्या दुरुस्तीचे काम मध्यंतरी माझ्याकडे आले होते. फवारणीची नोंद केली की त्या औषधाचा पीएचआय, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत राखायचे किमान दिवस, मोजून ते काढणीची तारीख सांगत असे. तक्रार अशी की वडिलांच्या अँड्रॉइड फोनवर एक तारीख दिसे आणि मुलाच्या आयफोनवर त्याच्या आदल्या दिवसाची. फवारणी पहाटे पाचची होती. आयफोनचा कोड ती वेळ ग्रीनिच प्रमाणवेळेत बदलून त्यातली फक्त तारीख उचलत होता, आणि आपले घड्याळ साडेपाच तास पुढे असल्याने पहाटे साडेपाचपूर्वीची प्रत्येक फवारणी आदल्या दिवसाच्या खात्यात जमा होत होती. हीच चूक अँड्रॉइडमध्येही होती. ती केव्हाच सुधारली गेली होती, पण दोन्ही कोड वेगळ्या रिपॉझिटरीत (कोड आणि त्याचा इतिहास साठवण्याच्या जागेत), वेगळ्या माणसांकडे असल्यामुळे दुरुस्ती पलीकडे पोहोचलीच नाही. ज्या निर्यातीच्या मालात औषधाचा अंश तपासला जातो, तिथे असा एक दिवस बागायतदाराला महागात पडू शकतो.

यावर उपाय नवा नाही. लिनस तोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामासाठी सुरू केलेल्या गिट या व्हर्जन कंट्रोल प्रणालीत सबमॉड्यूलची, म्हणजे एका रिपॉझिटरीत दुसरी जोडण्याची, सोय आहे. तारीख मोजण्यासारख्या नियमांचा कोड स्वतंत्र रिपॉझिटरीत ठेवून तो प्रत्येक ॲपला जोडला, की ते ॲप नेमक्या कोणत्या कमिटशी (नोंदवलेल्या बदलाशी) बांधलेले आहे याची नोंद राहते. मात्र ही नोंद आपोआप पुढे सरकत नाही, कोणीतरी ती आठवणीने सरकवावी लागते. म्हणून लहान टीमने सरळ एकच रिपॉझिटरी करून त्यात तीन फोल्डर ठेवावेत, असे माझे मत आहे.

प्रोग्रॅमिंगच्या भाषा वेगळ्या असल्याची सबब आता फारशी टिकत नाही. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला गाभा दोन्ही फोनवर पूर्वीपासून चालतो आणि कोटलिन भाषेतला एकच कोड अनेक प्रकारच्या उपकरणांवर चालवू देणारे कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाले. स्क्रीन खुशाल वेगळ्या असोत, कारण दोन्हींकडच्या वापरकर्त्यांच्या सवयीच वेगळ्या आहेत. तेवढेही जमत नसेल, तर निदान चाचण्यांची फाइल सामायिक असावी: अमुक नोंद दिली की अमुक उत्तर यावे, पहाटे पाचच्या नोंदीसह.

शासकीय ॲप्लिकेशनचा सोर्स कोड खुला करण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्येच स्वीकारले आणि आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड मे २०२० मध्ये खुला झाला. स्थानिक निविदांनी त्यापुढे एक पाऊल टाकावे. काम संपल्यावर ठेकेदाराकडून झिप फाइल न स्वीकारता, सामायिक कोड आणि संपूर्ण कमिट-इतिहासासह रिपॉझिटरी ताब्यात आल्यावरच अंतिम देयक अदा करावे.

– एक वाचक, नाशिक