मेलेल्या गाईजवळ वनरक्षक त्याच दिवशी पोहोचावा

महोदय,

जुलै 2019 मध्ये चिमूर तालुक्यात एक वाघीण आणि तिचे दोन बछडे मेलेले सापडले. जून 2025 मध्ये कर्नाटकातल्या मलेमहादेश्वर अभयारण्यात एक वाघीण चार बछड्यांसह मेली. दोन्हीकडे बंदूक नव्हती, फासा नव्हता. वाघाने मारलेल्या जनावरावर विष टाकले गेले होते. वाघ शिकार एका बैठकीत संपवत नाही, अंधार पडला की परत येतो. वाघीण तर बछड्यांना घेऊन येते, म्हणून एका गाईवर टाकलेले कीटकनाशक सबंध कुटुंब संपवते. कोल्हे आणि कावळे मरतात ते वेगळेच.

म्हणजे गाय मेली ती वेळ आणि त्या दिवसाची संध्याकाळ, एवढाच अवधी वनखात्याच्या हातात असतो. या वेळात काय करायचे हे खात्याला माहीत आहे. वनरक्षकाने आधी गर्दी मागे हटवायची आणि मातीतल्या ठशांवर घमेले पालथे घालायचे, नाहीतर बघ्यांच्या चपलांखाली पुरावा जातो. मग मान बघायची. पशुवैद्यकाने सुळ्यांच्या भोकांभोवतीचे कातडे सोलून खाली रक्त साकळलेले दिसते का ते बघायचे. ते दिसले तर जनावर जिवंत असताना धरले होते, नाही दिसले तर ते आधीच मेले होते आणि नंतर कुणीतरी खाल्ले. वाघ बहुधा मागच्या मांडीकडून खायला लागतो, बिबट्या बहुतेक वेळा पोटाकडून. शेवटी शिकारीच्या दोन बाजूंना गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरे बांधायचे आणि तिथून निघायचे.

पुष्कळदा चूक होते ती यानंतर. लोकांच्या आग्रहाखातर गाय ओढून नेऊन पुरतात. उपाशी राहिलेला वाघ एक-दोन दिवसांत दुसरे जनावर मारतो आणि राग दुप्पट होतो. शिकार जंगलात असेल तर ती तिथेच राहू द्यावी, मात्र दोन-तीन रात्री तिच्यावर नजर हवी. वस्तीला लागून असेल तर प्रश्न वेगळा, तिथे वरिष्ठांनी जागेवर येऊनच निर्णय घ्यावा.

आता पैशांचे. गाय, म्हैस किंवा बैल मेल्यास बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार रुपये, यातली कमी रक्कम सरकारी भरपाई म्हणून मिळते. चांगल्या दुधाच्या संकरित गाईची किंमत त्यात निघत नाही. महाराष्ट्राच्या 2023 च्या कायद्याने ही भरपाई देण्यासाठी 30 दिवसांची मुदत घालून दिली, उशीर झाल्यास व्याजही आहे. ही सुधारणा मोलाची आहे, पण विषाची पुडी तिसाव्या दिवशी उघडली जात नाही, ती त्याच संध्याकाळी उघडली जाते. उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात स्वयंसेवी संस्था पंचनाम्यानंतर लगेच काही रक्कम मालकाच्या हातात देतात आणि सरकारी भरपाई नंतर येते. आपल्याकडे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याजवळ असा राखीव निधी का असू नये? जनावर हलवले नाही आणि त्यावर काही टाकले नाही, एवढ्या अटीवर पाच-दहा हजार जागच्या जागी द्यावेत, अंतिम रकमेतून ते वळते करता येतील.

सर्वांत धोक्याची शिकार मात्र ती, जिची खबर खात्यापर्यंत येतच नाही. गाय मनाई असलेल्या जंगलात चरताना मेली की मालक गप्प बसतो. भरपाई तर मिळणार नाहीच, वर आपल्यावर गुन्हा लागेल, ही त्याची भीती असते. मग पंचनामा नाही, कॅमेरे नाहीत, पहारा नाही, आणि मालकाचा राग तसाच. अवैध चराईवर कारवाई जरूर व्हावी, पण शिकारीची खबर देणाऱ्यावर त्याच खबरेवरून गुन्हा लावणार नाही, असे खात्याने लेखी जाहीर करावे. तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि त्याखाली त्या बीटच्या वनरक्षकाचा फोन नंबर ठळक अक्षरांत लिहावा.

— एक वाचक, चंद्रपूर